मागची पाचर

2022 च्या दिवाळीनंतरची गोष्ट. वाड्याच्या फाटकाला अँगल पाहिजे होता म्हणून कराडात एका भंगारवाल्याकडं गेलो होतो. अँगल मिळाला नाही. पण मागच्या बाजूला, पत्र्यांच्या ढिगाखाली, एक बिडाचं टेबल पालथं पडलेलं दिसलं. चारी पाय आभाळाकडं. मेलेल्या बैलासारखं. पायाला कुठं कुठं हिरवा रंग अजून चिकटून होता.

रंग बघितला आणि मी तिथंच उभा राहिलो. भंगारवाला म्हणाला, "वखारीतलं हाय. गेल्या म्हयन्यात आलंय. उद्या फोडणार." बीड फोडून, तुकडे करून भट्टीला पाठवतात, ते मला माहीत होतं. मी म्हणालो, "फोडू नको. वजन कर."

वजन भरलं 280 किलो. भाव 34 रुपये. 9,520 रुपये झाले, वरचे वीस त्यानं सोडले. टेम्पोचं भाडं वेगळं. घरी आणल्यावर आमच्या मंडळींनी एवढंच विचारलं, "लोक घरातलं भंगार बाहेर घालवत्यात, तुम्ही बाहेरचं घरात आणताय?" मी काही बोललो नाही. मोटारीच्या शेडमध्ये टेबल उतरवून घेतलं आणि त्यावर पोतं टाकलं.

ते टेबल म्हणजे लाकूड चिरायची गोल करवत बसवतात ते. मधोमध फट असते, तिच्यातून पात्याचा वरचा भाग बाहेर आलेला असतो, आणि माणूस लाकूड पुढं ढकलत जातो. त्याच टेबलावर 1978 साली आमच्या सुतारमामांची दोन बोटं गेली होती. त्या वेळी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला मी उभा होतो.

ही हकिगत सांगायची, तर आधी लाकूड कसं चिरलं जायचं ते सांगावं लागेल.

मी लहान असताना आमच्या गावात लाकूड हातानं चिरत. कोयनेच्या काठचं आमचं गाव, कराडच्या पश्चिमेला. ओंडका दोन उंच घोड्यांवर चढवायचा, त्यावर गेरूत भिजवलेलं सूत ताणून टिचकी मारायची, की सरळ तांबडी रेघ उमटते. सुतार हा शब्द सूत्रधारावरून आला असं म्हणतात, म्हणजे सूत धरणारा. मग एक माणूस ओंडक्यावर उभा, एक खाली, आणि दोघांच्या हातात एक लांब करवत. वरचा रेघ सांभाळायचा, खालचा ओढायचा. खालच्याच्या डोळ्यांत भुसा जायचा म्हणून तो डोक्याला फडकं बांधायचा. दिवसभरात एखाददुसरा ओंडका व्हायचा.

त्यांची एक गोष्ट आम्हा पोरांना फार आवडायची. हात-दीड हात चीर गेली की वरचा माणूस थांबायचा, कमरेची लाकडी पाचर काढायचा आणि चिरेच्या तोंडात ठोकायचा. तशी नाही ठोकली तर लाकूड मिटतं आणि करवत आत आवळून धरतं. बाभळीचं तर फारच. झाड उभं असताना वाऱ्याशी, उताराशी झगडत वाढतं. तो ताण लाकडात असतो. चिरलं की मोकळा होतो, आणि दोन्ही फाकी एकमेकींकडं तरी येतात, नाहीतर लांब तरी जातात. ओलं लाकूड असेल तर विचारूच नका. सुतारमामा म्हणायचे, "लाकडाला चिरल्याचा राग येतो. म्हणून त्याच्या तोंडात पाचर द्यायची."

सुतारमामा आमचे बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' हे 1915 सालचं पुस्तक आहे, त्यात बलुतेदारांच्या तीन ओळी सांगितल्या आहेत. सुतार थोरल्या ओळीत येतो. कुळवाड्याचं सगळं त्याच्या हातातनं जातं. नांगर, कुळव, पाभर, जू, गाडी, मोट, घराचा खण, पाळणा आणि तिरडीचे बांबूसुद्धा. पैसे नाहीत. सुगीला खळ्यावर यायचं आणि ठरलेल्या पेंढ्या, ठरलेलं धान्य घेऊन जायचं. कमी-जास्त झालं तर खळ्यावर वाद घालायचा त्याला हक्क होता, आणि सुतारमामी तो हक्क पुरेपूर वापरायची. बलुतं ही काही भीक नव्हती.

मग वखार आली. आमच्या गावापासून दोन कोसांवर, रस्त्याला लागून. माझ्या जन्माच्या आधी निघालेली. सुरुवातीला ती कूपरच्या इंजिनावर चालायची. आमच्या साताऱ्याकडच्या माणसाला कूपर हे इंजिनाचं नाव वाटतं, माणसाचं वाटत नाही. पण सर धनजीशा कूपर हे साताऱ्याचे पारशी गृहस्थ. त्यांनी सातारा रोड स्टेशनाजवळ 1922 साली कारखाना काढला. आधी लोखंडी नांगर ओतले, मग 1930 नंतरच्या वर्षांत तेलाची इंजिनं काढली. 1937 साली ते मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधानही झाले. प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत. ते पद साडेतीन महिने टिकलं. इंजिनं मात्र पन्नास-पन्नास वर्षं टिकली. त्याच्याही आधी, 1910 साली, किर्लोस्करवाडीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी माळावर कारखाना उभा केला होता आणि लोखंडी नांगर घरोघर नेला होता. म्हणजे सुताराच्या हातातला लाकडी नांगर गेला तो आमच्याच जिल्ह्यांतल्या भट्ट्यांमुळं. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. लोखंडी नांगरानं हरळी मुळासकट निघाली, ते मीही बघितलंय. पण एकाचं सोपं झालं की दुसऱ्याचं काही तरी जातं, ते कुणी मांडून ठेवत नाही.

1962 साली कोयनेची वीज सुरू झाली. धरण आमच्या खोऱ्यात, वीज आधी गेली मुंबईकडं. आमच्याकडं खांब यायला पुढं बरीच वर्षं गेली. त्याच्या आत 11 डिसेंबर 1967 ला पहाटे भूकंप झाला. मी आठ वर्षांचा होतो. आईनं मला पोत्यासारखं उचलून अंगणात फेकलं, एवढं आठवतं. दगडमातीच्या भिंती बसल्या, पण लाकडी खणांचे सांगाडे आमच्या आळीत बरेच उभे राहिले. मग सगळ्यांना लाकूड पाहिजे झालं. खांब, तुळ्या, वासे, पत्र्याखालच्या पट्ट्या. हाताच्या करवतीनं कुठवर पुरं पडणार? वखारीपुढं बैलगाड्यांची रांग लागायची.

त्या वर्षी वखारीच्या मालकाला पैसा झाला. 1968 च्या खंडेनवमीला त्यानं सगळ्या मशिनींना नवा हिरवा ऑइलपेंट दिला होता आणि झेंडूच्या माळा घातल्या होत्या. अण्णांबरोबर, म्हणजे माझ्या वडिलांबरोबर, मी पेढे खायला गेलो होतो. रंग ओला होता. माझ्या सदऱ्याला लागला आणि आईनं मला बडवलं. म्हणून तो हिरवा रंग माझ्या पक्का ध्यानात आहे. पुढं या रंगाचं काम पडणार आहे.

1975 साली मी दहावी झालो. अकरावीची जुनी परीक्षा जाऊन दहावीची नवी आली ती त्याच वर्षी. पुढं शिकलो नाही, शेतीत आलो. ऊस वाढत चालला होता. कारखान्याला ऊस घालायला बैलगाडी पाहिजे. आमच्या गाडीचं एक चाक 1978 च्या पावसाळ्यात गेलं. तुंब्याला चीर पडली, आरे ढिले झाले. बांधावरची बाभळ अण्णांनी गणपतीत पाडली आणि कार्तिकात सुतारमामांना बोलावलं.

मामांनी लाकडाला नख लावून बघितलं. "अण्णा, वलं हाय. हिरीत बुडवून ठिवू, मग सावलीला वाळवू. सा म्हयनं तरी."

"सा म्हयन्यानं कारखाना बंद व्हईल. वखारीत न्ये आन चिर. पैसं मी देतो."

"वलं लाकूड मशिनीला दिऊ ने. मिटतंय."

"मशीन हाय ती. माणूस न्हाई मिटायला," अण्णा म्हणाले.

गाडीत ओंडके घालून आम्ही दोघं वखारीत गेलो, मामा आणि मी. मोठ्या करवतीवर ओंडक्यांच्या फळ्या निघाल्या. त्या फळ्यांच्या पट्ट्या काढायच्या होत्या त्या टेबलावर. मशिनीवरचा गडी जेवायला गेला होता. मालक म्हणाला, "तूच चिर की. सुतारच हायस." मामा पूर्वी तिथं चिरत असत, त्यात नवल नव्हतं. मी पलीकडच्या बाजूला, चिरलेली फळी हातात घ्यायला.

पहिल्या दोन पट्ट्या निघाल्या. तिसऱ्या फळीला निम्मी चीर झाली असेल. पात्याच्या मागं, माझ्या डोळ्यांपुढं, ती चीर मिटली. दार ओढून घ्यावं तशी. मोटारीचा आवाज खाली बसला, फळी मागनं उचलली आणि मामांच्या अंगावर उलटी गेली. त्यांचा डावा हात फळीवर होता. फळी गेली, हात खाली आला. पट्टा काढून मशीन थांबवायला मालक धावला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. अंगठ्याशेजारचं बोट आणि मधलं बोट. हिरव्या टेबलावर रक्त, आणि त्यावर पिवळा भुसा बसत होता.

संध्याकाळी पारावर बोलणं निघालं. मालक म्हणत होता, हात घसरला, सकाळी थोडी घेतली असंल. मामा पीत नव्हते. दोन माणसं तसं म्हणाली. मग कुणीतरी माझ्याकडं बघून विचारलं, "तू व्हतास न्हवं तितं?" मी अण्णांकडं बघितलं. अण्णा जमिनीकडं बघत होते. मी म्हणालो, "मला नीट दिसलं न्हाई."

मी 19 वर्षांचा होतो. आता म्हणता येतं की लहान होतो. पण शिक्षण झालं होतं, मिशी आली होती आणि डोळे चांगले होते. खरं सांगायचं तर, लाकूड मिटलं असं म्हटलं असतं तर दुसरा प्रश्न आला असता, ओलं लाकूड मशिनीला घालायला लावलं कुणी?

अण्णांनी दवाखान्यासाठी दोनशे रुपये दिले. पण पटाशी डाव्या हातात धरायची असते आणि ती धरायला हीच बोटं लागतात. मामांचा हात पहिल्यासारखा चालेना. चाक दुसऱ्या गावच्या सुतारानं केलं. त्या सुगीला मामी खळ्यावर बाचकं घेऊन आली, तेव्हा अण्णा म्हणाले, "आता काम दुसऱ्याकडं दिलंय." मामी त्या दिवशी वाद घालत बसली नाही. रिकामं बाचकं घडी करून काखेत मारलं आणि गेली. मामा पुढं 1994 पर्यंत जगले. खाटा विणायचे, कुऱ्हाडीला दांडे घालून द्यायचे. माझ्याशी नेहमी नीट बोलले. तेच फार जड जायचं.

तर असं ते टेबल. पोतं टाकून महिनाभर तसंच ठेवलं होतं. मग मार्गशीर्षात एक दिवस पाना घेऊन बसलो.

जुनी मशीन दुरुस्त करताना पहिली गोष्ट म्हणजे घाई करून काही तोडायचं नाही. गंजलेल्या बोल्टाला रॉकेल आणि जुनं तेल पाजत राहायचं. आठ दिवसांनी तो आपणहून ऐकतो. सुटे भाग, म्हणजे बोल्ट, कंस, उंची कमी-जास्त करायचा स्क्रू, हे मी काकवीत घातले. आमच्या गुऱ्हाळातली आंबलेली काकवी होती. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, प्लॅस्टिकच्या पिंपात. पंधरा दिवसांत गंज चिखलासारखा सुटून येतो आणि चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. वास मात्र असा सुटतो की मंडळींनी पिंप ओढ्याकडं न्यायला लावलं. बाहेर काढल्यावर धुऊन, वाळवून लगेच तेल द्यायचं, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबडं होतं.

टेबलाच्या वरच्या तोंडाला दगड आणि पॉलिश पेपर. हातानं घासत गेलो तसं खाली करडं बीड दिसायला लागलं. खाचा सरळ होत्या. मोठी पट्टी उभी धरून खालून उजेड बघितला. सात-आठ दशकं मार खाऊनही वाकलं नव्हतं. कुणी बनवलं ते कळलं नाही, कारण पितळी पाटी कुणीतरी आधीच उपटून नेली होती.

शाफ्टच्या बेरिंगा बॉलच्या नव्हत्या, पांढऱ्या धातूच्या होत्या. कथील, अँटिमनी आणि तांबं यांचं ते मिश्रण. आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकन माणसानं 1839 साली ते काढलं, म्हणून त्याला बॅबिट म्हणतात. मऊ असतं. शाफ्ट झिजू न देता स्वतः झिजतं. आमच्या झिजून गेल्या होत्या. कराडात एक म्हातारे टर्नर आहेत, त्यांच्याकडं घेऊन गेलो. त्यांनी शाफ्टला दिव्याची काजळी धरली, म्हणजे धातू चिकटत नाही. लोखंड आधी तापवून घेतलं आणि वितळलेला धातू एका दमात ओतला. मग निळं लावून शाफ्ट फिरवायचा आणि जिथं निळं उमटेल तिथं खरवडायचं. असं तीन दिवस चाललं. असलं काम येणारी माणसं आता किती राहिली असतील कोण जाणे.

रंग काढताना दोन भोकं सापडली. टेबलाच्या खाली, पात्याच्या मागच्या बाजूला जो बिडाचा कान होता त्यावर, एकाखाली एक. वरून दिसत नव्हती, कारण आत हिरवा रंग भरलेला होता, घट्ट, बूच मारल्यासारखा. टोकदार खिळ्यानं रंग कोरून काढला तर आत चुड्या. स्वच्छ, गंज नसलेल्या. रंगानंच त्या राखल्या होत्या. म्हणजे इथं कधीतरी काहीतरी बोल्टानं कसलेलं होतं.

टर्नरमामांना विचारलं. ते म्हणाले, "ही रायव्हिंग नाईफची जागा. पात्याच्या मागं लगेच एक लोखंडी पट्टी उभी असते. पात्यापेक्षा थोडी जाड, चिरेपेक्षा थोडी बारीक. चिरलेलं लाकूड तिच्या दोन्ही अंगानं जातं. मागनं मिटत नाही."

मी म्हणालो, "म्हणजे पाचर."

"पाचरच की."

"मग ती काढत्यात कशाला?"

"खाच पाडायची असली, तिरकं धरायचं असलं की आडवी येती. एकदा काढली की परत कोण बसवतंय? भंगारात जाती."

मी घरी आलो आणि त्या भोकांसमोर बसून राहिलो. आत हिरवा रंग होता. हिरवा रंग दिला 1968 च्या खंडेनवमीला. रंग भोकांत उतरला, म्हणजे त्या दिवशी पट्टी तिथं नव्हती. आणि दहा वर्षांनी, मामा त्या टेबलावर उभे राहिले तेव्हाही नव्हती. रंग अभंग होता. हात घसरला नव्हता, दारू नव्हती. हातानं चिरणारी अडाणी माणसं जी पाचर कमरेला बाळगत होती, ती मशिनीलाही दिलेली होती. ती कुणीतरी काढून टाकली होती, एवढंच.

त्यानंतर मला या गोष्टीचा नाद लागला. तालुक्याच्या ग्रंथालयात आणि ओळखीच्या एका वकिलांकडं बसून जेवढं समजलं तेवढं सांगतो. गोल करवतीचं पेटंट इंग्लंडात साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर या माणसानं 1777 साली घेतलं. तिकडं या करवतींनी किती हात खाल्ले असतील त्याला गणती नाही. शेवटी 1922 साली तिथल्या सरकारनं लाकूडकामाच्या मशिनींचे नियम केले आणि गोल करवतीमागं ही पट्टी असलीच पाहिजे असं लिहिलं. कूपरसाहेबांनी सातारा रोडला कारखाना काढला तेच हे साल. म्हणजे आमच्या वखारीत टेबल आलं त्याच्या कितीतरी आधी जगाला हे ठाऊक झालं होतं.

आपल्याकडंही कायदा नव्हता असं नाही. 1948 चा कारखान्यांचा कायदा होता. धोक्याच्या मशिनीला आडोसा पाहिजे असं त्यात होतं. पण कारखाना म्हणजे काय? वीज किंवा इंजिन असेल तर त्या वेळी किमान दहा कामगार लागत. आमच्या वखारीत मालक धरून पाच माणसं. 1923 चा कामगार भरपाईचा कायदा त्याहून जुना. त्यात कोणता अवयव गेला तर कमाईची ताकद किती गेली धरायची याचं कोष्टक होतं. एका हाताची दोन बोटं, 20 टक्के. वकिलांनी ती ओळ मला बोट ठेवून दाखवली. पण मामा वखारीचे कामगार नव्हते. आमचे नोकर होते का? तेही नाही, बलुतेदार. बलुतेदार सगळ्या गावाचा असतो, म्हणजे अडचणीच्या वेळी कुणाचाच नसतो. वखारीचा कायदा त्यांच्यापर्यंत पोचला नाही आणि गावचा कायदा अण्णांनी खळ्यावर मोडला. मी तिथंच पेंढ्या रचत होतो.

पट्टी मी 12 गेजच्या पत्र्यातून कापून घेतली. साधारण 2.6 मिलिमीटर भरतो. नवं पातं 12 इंची, त्याची चीर 3.2 मिलिमीटरची आणि पत्रा 2.2 चा, म्हणजे पाचर बरोबर मध्ये बसते. मोटार तीन हॉर्सची, 1,440 फेऱ्यांची. मोटारीला आठ इंची पुली, शाफ्टला चार इंची, म्हणजे पातं मिनिटाला 2,880 फेरे घेतं. हिशोब केला तर दाताचं टोक मिनिटाला नऊ हजार फूट पळतं. माणसाच्या हातानं त्याच्याशी शर्यत लावू नये. वरून जाळीचं झाकण केलं, पट्ट्यालाही आडोसा केला. वेगळं मीटर घेतलं. शेतीपंपाच्या लाइनवर असलं काही चालवायचं नसतं. ओंडके चिरायचे नाहीत हेही ठरवलं. ते वखारीचं काम, त्याला वनखात्याचा परवाना लागतो. मी आपले खुरप्याचे दांडे, खोकी, दारांच्या पट्ट्या करतो.

पण पाचर बसवायच्या आधी मी मामांच्या मुलाला निरोप धाडला. तो पन्नाशीचा आहे, कराडला फर्निचरच्या दुकानात कामाला असतो. रविवारी आला. मी त्याला टेबलाखाली वाकायला लावलं, बॅटरी मारली आणि भोकं दाखवली. रंगाचं सांगितलं. आणि पारावर मी काय म्हणालो होतो तेही सांगितलं. ते सांगताना मला त्याच्याकडं बघता आलं नाही.

त्यानं करंगळी भोकाला लावून बघितली. बराच वेळ वाकलेला होता. मग म्हणाला, "नाना, बाबा म्हणायचं, मागनं लाकूड मिटलं. आमी पण म्हणायचो, आसंल. पण मनात वाटायचंच, चुकला आसंल हात. घरच्यांनीच इस्वास ठिवला न्हाई, तर तुमचं काय?" हे त्यानं माझ्या समाधानासाठी म्हटलं की खरंच, मला कळलं नाही. पान्यानं पट्टी त्यानंच कसली. कागदाची घडी घालून पात्याचं आणि पट्टीचं अंतर बघितलं. पहिली चीर त्यानंच मारली, वाळलेल्या बाभळीची. फळी पट्टीच्या दोन्ही अंगानं सरळ निघून आली. काहीच झालं नाही. काहीच होऊ नये म्हणूनच ती पट्टी असते.

दुसऱ्या दिवशी मी ज्वारीचं एक पोतं घेऊन मामींकडं गेलो. मामी ऐंशीच्या पुढं आहेत, नजर अधू झालीय. पोतं खाली ठेवलेलं ऐकून म्हणाल्या, "काय हाय?"

"ज्वारी हाय मामी."

"कशाची?"

मला शब्द सापडेना. शेवटी म्हणालो, "बलुतं."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बलुतं घरला आणून देत न्हाईत बाबा. घरला आणून देत्यात ती भीक. बलुतं खळ्यावरनं न्यायचं आसतंय. घिऊन जा."

पोतं पुन्हा गाडीवर घातलं आणि घरी आलो. मंडळींनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आता खळं कुठं राहिलंय? मळणी मशीन येते आणि दोन तासांत काम आटपतं. तरी पुढच्या सुगीला मी वावराच्या कडेला थोडी जागा चोपून, सारवून घेतली आणि मामींच्या मुलाला सांगावा धाडला. तो मोटरसायकलवर आला, मागं मामी बसलेल्या. उतरल्या, हात पुढं करून चाचपत ढिगापाशी गेल्या आणि पेंढ्या मोजायला लागल्या. मी सात ठेवल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आठ व्हत्या. तुज्या आज्ज्यापासनं आठच हायत्या."

मी आणखी एक ठेवली.